मास्तरांच्या मागे परदेशी : १८४३ ची एक सहल आणि आजचं माहितीपत्रक

मंडळी, पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

मागच्या आठवड्यात आपल्या देऊळघाटच्या एका ग्रुपवर एक माहितीपत्रक फिरत होतं. मोठ्या शहरातल्या एका ख्रिस्ती कॉलेजचं. प्राध्यापकांसोबत परदेशात दहा दिवसांची 'अभ्याससहल', शेवटी प्रमाणपत्र, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात खर्चाचा आकडा. आपल्या गावची एक मुलगी त्या कॉलेजात शिकते. तिच्या वडिलांच्या वर्षाच्या सोयाबीनपेक्षा तो आकडा मोठा होता. त्यांनी मला फोन करून विचारलं, "भाऊ, हे खरंच शिक्षणाचं असते का फिरण्याचं?"

कॉलेजचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका कॉलेजचा नाही. अशी पत्रकं आता सगळीकडून येतात. पण मास्तरांनी विद्यार्थ्याला घेऊन परदेशी जायचं, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. पावणेदोनशे वर्षांपेक्षा जुनी आहे, आणि ती सुरू झाली तीसुद्धा ख्रिस्ती कॉलेजातूनच. ते प्रकरण नीट पाहिलं की आजच्या पत्रकाला काय विचारायचं ते आपोआप कळतं.

मुंबईचं विल्सन कॉलेज. चौपाटीवरची त्याची दगडी इमारत १८८९ ची, पण कॉलेज आपली सुरुवात १८३२ पासून मोजतं. तेव्हा ती गिरगावाकडची एक इंग्रजी शाळा होती. चालवणारा जॉन विल्सन हा स्कॉटलंडचा मिशनरी. १८२९ मध्ये बायको मार्गारेटसोबत मुंबईत आला, कोकणात हर्णैला राहून मराठी शिकला. मार्गारेटने मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ मध्ये ती इथेच वारली. विल्सन माणूस विद्वान, हे त्याच्या विरोधकांनीही कधी नाकारलं नाही. गिरनारच्या अशोकाच्या शिलालेखाची नक्कल त्याच्यामार्फत जेम्स प्रिन्सेपकडे गेली आणि तो लेख वाचला गेला. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंसाठी त्याने हिब्रू भाषेचं व्याकरण चक्क मराठीत लिहिलं. पुढे तो मुंबई विद्यापीठाचा कुलगुरूही झाला. पण त्याचा पहिला धंदा धर्मप्रसार, हेही तितकंच खरं. त्याने ते लपवलंही नाही.

१८३९ च्या मे महिन्यात त्याच्या संस्थेतल्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी. धनजीभाईचं वय सतराच्या आसपास. मुंबईत आग लागल्यासारखं झालं. पारशी पंचायतीचे लोक सुप्रीम कोर्टात गेले, मुलाला मिशनऱ्याने डांबलंय म्हणाले. कोर्टाने निकाल दिला की मुलगा कळत्या वयाचा आहे, त्याला हवं तिथे जाऊ दे. धनजीभाई परत विल्सनकडे गेला. आणि विल्सनच्या शाळेतली बाकीची पारशी मुलं आईबापांनी धडाधड काढून घेतली.

मला यात पारशी आईबापांचा राग समजतो. मुलाला इंग्रजी शिकायला पाठवलं होतं, तो धर्म सोडून बसला. पण त्या मुलाचं मनही समजतं. सतरा वर्षांच्या पोराला जग समजावून सांगणारा एकच माणूस आयुष्यात भेटला असेल, तर तो त्याच्याच मागे जाणार. गेलाही.

जानेवारी १८४३. विल्सनची तब्येत खालावलेली, मायदेशी सुट्टीवर निघाला. सोबत धनजीभाईला घेतलं. तो तेव्हा विशीच्या पुढेमागे. आता रस्ता बघा. सुवेझचा कालवा नव्हता, तो १८६९ चा. मुंबईहून आगबोटीने एडन, तिथून सुवेझ, मग जमिनीवरून कैरो. आणि कैरोहून सरळ इंग्लंडची बोट पकडायची सोडून विल्सन वळला वाळवंटात. सिनाई, पेट्रा, हेब्रॉन, जेरुसलेम, नाब्लस, दमास्कस. मग कॉन्स्टँटिनोपल, डॅन्यूब नदीच्या मार्गाने युरोप, आणि शेवटी स्कॉटलंड. उंट, तंबू, अरबी वाटाडे, महिनोन्‌महिने. आजच्या भाषेत याला 'प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली क्षेत्रभेट' म्हणतील. नाब्लसला त्याने समारितन लोकांची भेट घेतली, त्यांच्या ग्रंथांची चौकशी केली, ज्यूंच्या वस्त्या पाहिल्या, पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती पंथांची माहिती गोळा केली. पोरगा सोबत.

अभ्यास म्हणून ही सहल पक्की होती. दहा दिवसांत पाच राजधान्या आणि प्रत्येक ठिकाणी एक सेल्फी असला प्रकार नव्हता. मास्तरला भाषा येत होत्या, काय शोधायचं ते ठाऊक होतं, वेळ होता. या बाबतीत विल्सनला माझा सलाम.

पण आता दुसरी बाजू. त्याच १८४३ साली विल्सनचं 'द पारसी रिलिजन' हे जाडजूड पुस्तक मुंबईत निघालं. पारशी धर्म कसा चुकीचा आहे हे झेंद-अवेस्ताच्या आधाराने दाखवणारं. म्हणजे एका हाताने पारशी धर्माचं खंडन छापायचं आणि दुसऱ्या हाताने पारशी घरातून आलेल्या मुलाला बायबलमधला देश दाखवायला न्यायचं. विद्यार्थ्याने काय बघावं, त्यातून कुठल्या निष्कर्षावर यावं, हे मुंबईच्या बंदरातच ठरलेलं होतं. धनजीभाईला सिनाईच्या डोंगराखाली आपल्या आजीची दिव्यापुढची प्रार्थना आठवली असेल का, असा विचार माझ्या डोक्यात येतो. सहलीच्या कार्यक्रमात त्याला जागा नव्हती.

प्रवासाचं पुस्तक कुणाचं निघालं? मास्तरचं. 'द लँड्स ऑफ द बायबल', दोन खंड, १८४७, एडिंबरो. शीर्षकपानावरच लिहिलंय की हा प्रवास बायबलच्या संशोधनासाठी आणि परोपकाराच्या कार्यासाठी केला. त्यात मुंबईच्या बेने इस्रायलांवरही मजकूर आहे, म्हणजे कोकणातला तेली जेरुसलेमच्या वर्णनाशी जोडला गेला. मराठी वाचकाने मुद्दाम बघावं असं पुस्तक आहे. विद्यार्थ्याचं पुस्तक निघालं १९०९ मध्ये. 'फ्रॉम झोरोआस्टर टू ख्राइस्ट', धनजीभाईंचं आत्मकथन. सहलीला तोवर सहासष्ट वर्षं उलटली होती. तेही इंग्रजीत, आणि नाव बघा, प्रवास कुठून सुरू होऊन कुठे संपला हे शीर्षकातच ठरवून टाकलेलं.

धनजीभाई एडिंबरोला राहून शिकला, १८४६ मध्ये त्याला पाद्री म्हणून दीक्षा मिळाली आणि १८४७ मध्ये तो परत आला. मधल्या काळात एक गंमत झाली. १८४३ च्या मे महिन्यात स्कॉटलंडचं चर्चच फुटलं. मिशनरी नव्या 'फ्री चर्च'मध्ये गेले, आणि मुंबईतली नवीकोरी इमारत जुन्या चर्चकडे राहिली. मास्तर आणि विद्यार्थी प्रवासात असताना कॉलेजची मालकी, नाव आणि छप्पर, तिन्ही बदललं! संस्थाचालकांच्या भांडणात पोरांची शाळा हलते, हे काही आपल्या जिल्ह्यातच होतं असं नाही.

परत आलेला धनजीभाई आयुष्यभर मिशनचा माणूस राहिला. ज्या घरातून निघाला त्या घराचं दार त्याला पुन्हा तसं उघडलं नाही. त्याने ते स्वखुशीने स्वीकारलं असेल, नव्हे, स्वीकारलंच. पण त्या सहलीची खरी किंमत ही होती.

त्याच १८४३ मधली अजून एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या जवळची आहे. मास्तर-विद्यार्थी तिकडे गेलेले असताना इकडे सप्टेंबरात नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, बाराएक वर्षांचा, तोही मिशनऱ्याच्या घरी राहायला गेला. बाप कोर्टात गेला, कोर्टाने श्रीपतला अज्ञान ठरवून बापाच्या हवाली केलं. आता पंचाईत झाली ब्रह्मवृंदाची. पोरगा मिशनऱ्याच्या घरचं जेवलेला, याला पंगतीत घ्यायचं का? बाळशास्त्री जांभेकर, 'दर्पण'वाले, पुढे झाले आणि म्हणाले प्रायश्चित्त देऊन घ्या. केवढं वादळ उठलं! बाळशास्त्रींवरच बहिष्काराची पाळी आली. सात समुद्र लांब राहिले, गिरगावातल्या गिरगावात मिशनच्या ताटाची ही किंमत होती. पुढे १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा झाला, तेव्हा टिळक-रानड्यांपर्यंत सगळ्यांना त्याचा हिशेब द्यावा लागला, हे तर सर्वांना माहीतच आहे.

मोठा भाऊ नारायण मात्र ख्रिस्तीच राहिला आणि तो आला आपल्या बाजूला. निजामाच्या मुलखात जालन्याजवळ त्याने 'बेथेल' नावाचं गाव वसवलं, बहुतेक मांग-महार कुटुंबांचं. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला मोठी ख्रिस्ती परिषद भरली, त्यात हा मराठी माणूस डोक्याला पागोटं बांधून भाषण करून आला. पण तो गेला तो स्वतःचं काम सांगायला. धनजीभाईसारखा कुणाच्या मागून दाखवायला नेलेला नव्हता. मला हा फरक मोठा वाटतो.

आता आनंदीबाई जोशी. मालिका आणि सिनेमामुळे गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून फक्त आपल्या विषयापुरतं बोलतो. १८७८ मध्ये गोपाळराव पोस्टाच्या नोकरीत कोल्हापूरला होते. बायकोला अमेरिकेत शिकवायचं म्हणून त्यांनी मिशनऱ्यांकडे मदत मागितली. कोल्हापूर मिशनचे वाइल्डर तेव्हा अमेरिकेत एक मासिक चालवत. उत्तर आलं त्याचा सारांश असा, की ख्रिस्ती होत असाल तर बघू. पत्रव्यवहार मासिकात छापून आला, आणि न्यू जर्सीच्या कार्पेंटर बाईंनी तो दाताच्या डॉक्टरकडे बसल्या-बसल्या वाचला. त्यांनी कुठलीही अट न घालता या मुलीला घरी बोलावलं. एका घरगुती बाईने जे केलं ते अख्ख्या मिशनला जमलं नाही!

आणि जायच्या आधी, २४ फेब्रुवारी १८८३ ला, आनंदीबाई भाषणाला उभ्या राहिल्या त्या कुठे? सेरामपूरला, ख्रिस्ती कॉलेजच्या सभागृहात. विल्यम केरी वगैरेंनी १८१८ मध्ये काढलेलं कॉलेज. त्या सभागृहात अठराच्या आतली ही मुलगी इंग्रजीत सांगते की मी हिंदू म्हणून जाणार, हिंदू म्हणूनच परत येऊन माझ्या लोकांत राहणार. बोटीवर सोबत होती मिशनरी बायकांचीच, तिथेही आग्रह झालाच. ती बधली नाही. ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम अमेरिकेत गेल्या होत्या. पुढच्याच वर्षी, १८८७ च्या फेब्रुवारीत, आनंदीबाई पुण्यात गेल्या. विद्या घेऊन आल्या, पण ती वापरायला आयुष्य मिळालं नाही.

रमाबाईंची तऱ्हा तिसरीच. १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजच्या मठात गेल्या, तिथे स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला, चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या. मुलग्यांनाही शिकवायचा विषय निघाला तर बिशपांनी मोडता घातला. रमाबाई उसळल्या. ब्राह्मणांच्या पुरोहितगिरीतून सुटले ते दुसऱ्या पुरोहितांच्या हाताखाली जायला नाही, अशा अर्थाचं त्यांनी सरळ लिहून कळवलं. ख्रिस्ती झाल्या, पण दोरी कुणाच्या हाती दिली नाही. धनजीभाई, आनंदीबाई, रमाबाई: तिघांनाही परदेश दाखवणारं दार मिशनच्या अंगणात होतं, पण आत-बाहेर करायची मुभा ज्याने-त्याने आपापल्या ताकदीनुसार मिळवली. कुणी ती मागितलीच नाही.

हे झालं आपले तिकडे गेले त्याचं. आता उलटं बघू. १९६९ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिडवेस्ट भागातल्या लहान कॉलेजांच्या संघाने पुण्यात एक उपक्रम सुरू केला. यातली कितीतरी कॉलेजं चर्चच्या लोकांनी काढलेली. मिनेसोटातल्या नॉर्थफील्ड नावाच्या गावात दोन आहेत, कार्लटन कॉलेज काँग्रिगेशनल चर्चवाल्यांनी १८६६ मध्ये काढलं, सेंट ओलाफ हे नॉर्वेहून आलेल्या लुथरन लोकांचं, आजही लुथरनच. तिथली विशीतली पोरं-पोरी प्राध्यापकाच्या देखरेखीखाली पुण्याला यायची. हॉटेलात नाही, मराठी घरांत राहायची. मराठी शिकायची, आणि मग प्रत्येकाने आपला एक विषय घेऊन त्यावर काम करायचं.

या मंडळींना मराठी शिकवणाऱ्यांत मॅक्सीन बर्नसन होत्या. अमेरिकन बाई, फलटणच्या मराठीवर पीएचडी केली, जाई निंबकरांसोबत परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीचं व्याकरण आणि शब्दकोश केला, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं आणि फलटणला मुलांना वाचायला-लिहायला शिकवण्यात आयुष्य घातलं. आणि कार्लटनला इतिहास शिकवणाऱ्या होत्या एलिनॉर झेलियट. डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ यावर त्यांनी १९६९ मध्ये पीएचडी पूर्ण केली, तेव्हा आपल्याच विद्यापीठांना तो विषय दिसत नव्हता. त्यांचं 'फ्रॉम अनटचेबल टू दलित' १९९२ चं. चोखामेळ्याचे अभंग त्यांनी अमेरिकेतल्या वर्गात नेले. दोघींनी मिळून महाराष्ट्रातल्या धर्मावर १९८८ मध्ये एक लेखसंग्रह संपादित केला, 'द एक्स्पीरियन्स ऑफ हिंदुइझम'. त्यात मराठी माणसांचे आपापल्या धर्माचे अनुभव आहेत. विल्सनचं १८४३ चं पुस्तक आणि हे, शेजारी ठेवून बघा. दोन्ही ठिकाणी परदेशी ख्रिस्ती घरातला माणूस इथल्या धर्मावर काम करतोय. एक खोडून काढायला बसलाय, दुसरा ऐकायला.

आता कुणी म्हणेल, ती अमेरिकेची पैसेवाली पोरं, त्यांना सहा-सहा महिने परवडतं. खरं आहे. आणि हेही खरं की पुण्याच्या त्या घरांतून तिकडे तितक्याच सहज कुणी गेलं नाही. रस्ता एकाच बाजूने रुंद होता, यात मला काही गोड मानून घ्यायचं नाही. पण त्यांनी एक गोष्ट बरोबर केली. आधी भाषा, मग घर, मग काम, आणि फोटो सगळ्यात शेवटी.

म्हणून आजच्या पत्रकात मी आधी दिवस मोजतो. दहा दिवसांत तीन देश असतील तर तो प्रवासी कंपनीचा माल आहे, त्यावर कॉलेजचा शिक्का मारलाय. तसं असायलाही हरकत नाही, फक्त त्याला फिरणं म्हणा. मग बघतो, सोबत जाणाऱ्या प्राध्यापकाचा त्या देशाशी काय संबंध? विल्सनला नाब्लसला गेल्यावर कुणाला काय विचारायचं ते माहीत होतं. आपल्या प्राध्यापकाला तिथे गेल्यावर बस किती वाजता सुटते एवढंच माहीत असेल, तर पोरांनी त्याच्या मागे का जायचं? तिसरं म्हणजे, तिकडच्या कॉलेजातल्या एकाही विद्यार्थ्याशी आपल्या पोरांची गाठ पडणार आहे का? बहुतेक पत्रकांत 'विद्यापीठाला भेट' असं असतं. भेट म्हणजे फाटकापुढे उभं राहणं.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न. ज्याच्या घरी पैसे नाहीत त्याचं काय? वर्गातले वीस जातात, चाळीस मागे राहतात, आणि परत आल्यावर वीस जणांच्या गुणपत्रिकेला जादा गुण चिकटतात. हे जिथे चालतं तिथे विरोध करा, तोंडी नको, लेखी करा. सहल ऐच्छिक असेल तर गुण ऐच्छिक कसे नाहीत? फी भरून घेतलेला अनुभव अभ्यासक्रमात धरायचा असेल, तर न भरू शकणाऱ्याचा खर्च कॉलेजने उचलावा, नाहीतर त्याला तेवढ्याच वजनाचं दुसरं काम द्यावं. त्यासाठी परदेश लागत नाही. आपल्याच जिल्ह्यातलं लोणार बघायला जगभरातून लोक येतात. १९७३ मध्ये भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिळून ते उल्कापाताचं विवर असल्याचं दाखवलं. देऊळघाटची किती पोरं तिथे भूगोलाच्या मास्तरांसोबत हातात वही घेऊन दोन दिवस राहिली आहेत? पिकनिकला गेलेले हात वर करू नका.

ज्यांना खरोखर बाहेर शिकायचं आहे त्यांच्यासाठी सरकारच्या शिष्यवृत्त्या आहेत, हे आपल्या भागात फार उशिरा कळतं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, राज्यातून दरवर्षी ७५ जणांना. अल्पसंख्याक मुलांसाठीही अलीकडे परदेशी शिक्षणाची योजना निघाली आहे, आपल्या गावात तिची चर्चा मशिदीत, चावडीवर, शाळेत सगळीकडे व्हायला हवी. अटी, गुण, उत्पन्नाची मर्यादा बदलत राहते, म्हणून इथे आकडे देत बसत नाही. बुलढाण्याच्या समाजकल्याण कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, ऐकीव माहितीवर राहू नका. दहावी-बारावीलाच विचारा, पदवी झाल्यावर नको.

शेवटी एक काम. नारायण शेषाद्रींच्या बेथेलबद्दल मला अजून वाचायचं आहे. जालना-भोकरदन पट्ट्यात किंवा आपल्या बुलढाणा-खामगाव भागात मिशनच्या शाळेत शिकलेल्या कुणाच्या घरी जुने फोटो, शाळेचे दाखले, चर्चची वही असेल, तर फोटो काढून इनबॉक्सला पाठवा. मूळ कागद कुणाला देऊ नका, मलाही नाही.